शाळेतले वाफेचे इंजिन

भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. पुणे जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. हे दगडी धरण १९२० नंतरच्या दशकात पुरे झाले. पायापासून त्याची उंची सुमारे ५८ मीटर आणि लांबी १,६०० मीटरांहून अधिक आहे. त्याच्या दरवाजांपैकी ४५ दरवाजे स्वयंचलित आहेत. पावसाळ्यात पाणी ठरावीक पातळीला पोचले की कोणी हात न लावता हे दरवाजे उघडतात आणि जादा पाणी नदीत जाते. ते पाहायला माणसे लांबून येतात. सगळ्यांची नजर असते फेसाळणाऱ्या पाण्यावर. शिक्षक बंधुभगिनींनी मात्र आपल्या मुलांची नजर त्या दरवाजांकडे वळवावी.

तुम्ही म्हणाल, विषय वाफेच्या इंजिनाचा आणि गोष्ट धरणाची, हे कसे काय? सांगतो. धरणात पाण्याचा दाब साठवलेला असतो, बॉयलरमध्ये वाफेचा. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच: जास्त झालेला दाब जाणार कुठून? इंजिन कसे फिरवायचे हा त्याच्या नंतरचा प्रश्न. जो माणूस आधी चाक बनवतो आणि वाट मागाहून शोधतो, त्याच्या हातून अपघात होतो. आपण शाळेत जे छोटे इंजिन करणार आहोत, ते या क्रमाने करायचे: आधी वाट, मग चाक.

पण मुळात ते करायचे कशाला? रेल्वेची वाफेची इंजिने तर रोजच्या धावपळीतून केव्हाच गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेली, हे मुले पाठ करतात; पण दट्ट्या म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहिलेले मूल आज विरळा. आणि वाफ काही गेलेली नाही बरं का! कोराडी आणि चंद्रपूरच्या केंद्रांत कोळसा जाळून वीज होते ती वाफेवरच, आणि साखर कारखान्यात उसाचे चिपाड जाळून करतात तीही वाफच. वाफेने रूळ सोडले, एवढेच. टेबलावर बोटाएवढे इंजिन एकदा फिरले, की उष्णता, दाब, कार्य, घर्षण हे चार धडे एका तासात मुलांच्या हाताला लागतात.

हे काम मोठ्या कारखान्याचे आहे असे समजू नका. १८२८ साली कलकत्त्याच्या प्रदर्शनात टिटागढच्या गोलकचंद्र नावाच्या एका लोहाराने स्वतः घडवलेले वाफेचे इंजिन मांडले आणि त्याला ५० रुपयांचे बक्षीस मिळाले. जवळच श्रीरामपूरला मिशनऱ्यांच्या कागद कारखान्यात इंग्लंडहून आलेले एक इंजिन होते; तेच त्याची शाळा. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे घ्या. १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव त्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंगचे शिक्षक होते. आधी कागदावर रेघ, मग लोखंडावर कानस, हा क्रम आपणही धरू. तुमच्या गावात लेथ असलेला एखादा कारागीर आणि तांब्याची भांडी घडवणारा तांबट, एवढी दोन माणसे गाठली तरी पुष्कळ झाले. पुण्यात तर कसबा पेठेत अख्खी तांबट आळीच आहे.

आता दाब म्हणजे काय ते भाटघरलाच विचारू. एक चौरस सेंटिमीटर जागेवर १० मीटर उंचीचा पाण्याचा खांब उभा आहे अशी कल्पना करा. त्यात एक लिटर पाणी मावेल, म्हणजे एक किलो वजन. म्हणून १० मीटर पाणी म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब. धरणात ५० मीटर पाणी असेल तर तळाशी दाब पाच किलो. तलाव किती लांबरुंद आहे याचा येथे संबंध नाही. केवळ खोली मोजायची. हे सूत्र नीट लक्षात ठेवा, पुढे त्याचा मोठा उपयोग आहे. आपले इंजिन एक किलो दाबावर, म्हणजे १० मीटर पाण्याच्या दाबावर चालेल. त्याहून जास्त नको.

सर्वांत सोपे इंजिन म्हणजे डुलत्या सिलिंडरचे. त्याची मापे अशी घ्या. सिलिंडर पितळेचा, आतला व्यास १० मिलिमीटर. क्रँकची त्रिज्या ८ मिलिमीटर, म्हणजे दट्ट्याची धाव १६ मिलिमीटर. दट्ट्याचे क्षेत्रफळ साधारण ०.७८ चौरस सेंटिमीटर येते. म्हणून एक किलो दाबाला त्यावर पाऊण किलोहून थोडा जास्त जोर बसेल. मुलांना बोटाने पाऊण किलोचे वजन ढकलायला सांगा, म्हणजे आकडा अंगात मुरेल.

सिलिंडरची एक बाजू कानसून अगदी सपाट करायची आणि ती एका उभ्या पितळी पट्टीला टेकवायची. मधोमध एका खिळीवर सिलिंडर डुलता ठेवायचा. मागून एक हलकी स्प्रिंग त्याला पट्टीशी दाबून धरते. खिळीपासून क्रँकच्या आसापर्यंतचे अंतर ४० मिलिमीटर. सिलिंडरच्या बंद टोकाजवळ, खिळीपासून १५ मिलिमीटरवर, अडीच मिलिमीटरचे एक भोक पाडा. दट्ट्या पूर्ण वर गेला तरी हे भोक बुजता कामा नये, तेवढी जागा वर मोकळी सोडा. क्रँक फिरू लागला की हे भोक मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना तीन-तीन मिलिमीटर सरकते. म्हणून पट्टीवर त्याच उंचीला, मध्यरेषेपासून तीन मिलिमीटर डावीकडे एक आणि तीन मिलिमीटर उजवीकडे एक, अशी दोन भोके पाडायची. एकाला वाफेची नळी जोडायची, दुसरे मोकळे.

आता गंमत पाहा. सिलिंडर एका अंगाला कलला की त्याचे भोक वाफेच्या भोकासमोर येते. वाफ आत शिरते आणि दट्ट्याला ढकलते. तो दुसऱ्या अंगाला कलला की भोक मोकळ्या वाटेसमोर येते आणि वापरलेली वाफ बाहेर पडते. सरळ उभा असताना दोन्ही वाटा बंद. म्हणजे दरवाजा उघडायला वेगळा पहारेकरी नको, सिलिंडर स्वतःच डुलत डुलत दार उघडतो आणि लावतो. मात्र वाफ एकाच बाजूने ढकलते, परतीच्या वाटेवर जोर नसतो. म्हणून आसावर सहा सेंटिमीटर व्यासाचे, पावशेराच्या आसपास वजनाचे एक जड चाक बसवायचे. ढकलताना ते वेग घेते आणि उरलेला अर्धा फेरा तेच ओढून नेते.

इंजिन जुळले की लगेच वाफेकडे धावू नका. नळीला तोंड लावून फुंका आणि चाकाला बोटाने थोडी गती द्या. चांगले घासलेले इंजिन तोंडाच्या फुंकरीवरही फिरते. फिरले नाही, तर सपाट बाजू पुन्हा घासा. पट्टीवर काजळी लावून सिलिंडर डुलवला की कुठे टेकते आणि कुठे टेकत नाही ते डाग सांगतात. सायकलच्या पंपावरही चालवून पाहा. ज्या शाळेला पुढचा भाग करणे जमणार नाही, तिने येथेच थांबले तरी काही बिघडत नाही. हवेवर फिरणारे इंजिनही निम्म्याहून अधिक धडा शिकवते.

आता बॉयलर. आपल्याकडे घरोघरी तांब्याचा बंब होता, पुष्कळ खेड्यांत अजून आहे. मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी. घडण पाहिली तर तो उभा बॉयलरच आहे. पण त्यात दाब साठत नाही, कारण वाफेला वर वाट मोकळी असते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बायकामुलांनी तो निर्धास्त पेटवला. तीच वाट बंद केली, की बंबाचा बॉम्ब होतो. येथेच मी तुम्हाला हात जोडून सांगतो: तेलातुपाचा पत्र्याचा डबा डाग देऊन बंद करायचा आणि चुलीवर ठेवायचा, हा प्रयोग कोणीही करू नये. डब्याचा पत्रा पातळ, त्याची सपाट झाकणे फुगणारी, आणि कथिल-शिशाचा डाग १८३ अंशांच्या सुमारास मऊ पडून वितळू लागतो. पाणी संपले की त्या उष्णतेला पोचायला वेळ लागत नाही.

धोका नेमका कुठे आहे, तेही समजून घेऊ. एक किलो दाबाला पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० अंशांना उकळते. समजा आत १३० ग्रॅम पाणी आहे आणि भांडे फुटले. दाब नाहीसा झाला की ते पाणी १०० अंशांवर यायलाच हवे. त्यातली जादा २० अंशांची उष्णता सुमारे पाच ग्रॅम पाण्याची एका क्षणात वाफ करते, आणि पाण्याची वाफ झाली की ती १,६०० पटींहून अधिक जागा मागते. म्हणजे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सात-आठ लिटर वाफ! ती उकळते पाणी आणि तांब्याचे तुकडे घेऊन बाहेर येते. समोर मुले बसलेली असतात, हे विसरू नका.

कारखान्यांतल्या बॉयलरची तपासणी सरकार करते. त्यासाठी १९२३ साली कायदा झाला आणि २०२५ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. पण २५ लिटरहून लहान भांड्याला तो लागू होत नाही. तुमच्या शाळेत कोणी निरीक्षक येणार नाही. तो निरीक्षक म्हणजे तुम्हीच.

बॉयलर असा करा. ५ सेंटिमीटर व्यासाची, १० सेंटिमीटर लांबीची, एक मिलिमीटर जाडीची तांब्याची नळी आडवी घ्यायची. तिच्यात सुमारे १९५ घनसेंटिमीटर पाणी मावते. आपण १३० घालायचे, वरची जागा वाफेला. नळीचे अंग पुरेसे मजबूत आहे, भीती असते ती दोन्ही टोकांच्या चकत्यांची. प्रत्येक चकतीवर एक किलो दाबाला जवळजवळ २० किलोचा जोर बसतो. गव्हाची २० किलोची पिशवी एखाद्या वाटीच्या बुडावर ठेवावी तसा. म्हणून दोन्ही चकत्यांमधून आरपार एक पितळी दांडा घालून त्या एकमेकींना बांधायच्या, आणि सगळे सांधे चांदीच्या झाळाने जोडायचे. हे काम तांबटाचे किंवा जाणत्या कारागिराचे. मुलांनी ते फक्त पाहायचे.

आता ती वाट. बॉयलरच्या माथ्यावर चार मिलिमीटरचे भोक ठेवायचे, त्यावर पितळेची गुळगुळीत गोळी, आणि गोळीवर वजन. भोकाचे क्षेत्रफळ ०.१२५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून एक किलो दाबाला वाफ गोळीला सुमारे १२५ ग्रॅम जोराने उचलू पाहते. गोळी आणि वजन मिळून १२५ ग्रॅम भरतील असे करा. दाब एक किलोच्या वर चढला की गोळी आपोआप उचलली जाते, जादा वाफ निघून जाते आणि गोळी परत बसते. भाटघरच्या दरवाजांचेच हे धाकटे भावंड. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी हेच काम करते, आणि जवळजवळ याच दाबावर करते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा हिशेब फळ्यावर करायला सांगतो, तेव्हा शिट्टीचे वजन तेवढेच का, हे त्यांना पहिल्यांदा उमगते. गोळीवर जादा वजन ठेवून ‘इंजिन जरा जोरात पळवू या’ असे कोणी म्हणाले, तर त्याला त्या दिवशी प्रयोगापासून दूर बसवा.

झडप बसली, तरी बॉयलर पारखून घ्यायचा राहिला. पारख थंड पाण्याने करायची, वाफेने कधीच नाही. पाणी दाबले जात नाही. म्हणून सांधा सुटला तर फक्त थेंब गळतात, स्फोट होत नाही. कामाच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे दोन किलो दाब द्यायचा. शहरात त्यासाठी पंप आणि दाबमापक लागतो. भोर-वेल्ह्याच्या माणसाला त्याची गरज नाही, कारण त्याच्या दारात डोंगर आहे. दोन किलो म्हणजे २० मीटर पाणी, हे आपण वर पाहिले. बॉयलर पायथ्याशी ठेवा. तो पाण्याने काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडाही नको. झडपेचे भोक तात्पुरते स्क्रूने बंद करा. वाफेच्या तोंडाला चांगली जाड प्लॅस्टिकची नळी घट्ट बांधा, ती उतारावरून वर न्या आणि वरच्या टोकातून पाणी भरा. उतारावर नळी किती लांब गेली याला महत्त्व नाही. सरळ उभी उंची २० मीटर हवी. ती उंची पाणसळ आणि काठीने टप्प्याटप्प्याने मोजायची, हाच भूमितीचा तास. अर्धा तास तसेच ठेवा. एक थेंबही गळता कामा नये आणि चकत्या फुगता कामा नयेत. दोष दिसला तर बॉयलर परत तांबटाकडे. मग स्क्रू काढून झडप बसवा आणि नळीचे टोक १० मीटर उंचीवर आणा. या उंचीच्या आसपास गोळीखालून पाणी झिरपू लागले, की तुमची झडप खरी. झाली पारख! यानंतर झडपेला बंद करणारा स्क्रू शाळेत ठेवूच नका.

मग पहिला विस्तव. स्पिरिटचा दिवा घ्या, आणि त्यात २५ घनसेंटिमीटरहून जास्त स्पिरिट घालू नका. एवढ्या इंधनात १३० ग्रॅम पाणी तापून त्यातले साधारण निम्मे उडते. म्हणजे बॉयलर कोरडा पडण्याआधी दिवाच विझतो. जळत्या दिव्यात स्पिरिट ओतायचे नाही. मुले दोन-तीन मीटर दूर, चकत्यांच्या समोर कोणी नाही. आधी झडप फुसफुसू द्या. ती बोलली, की मगच वाफेची तोटी उघडा. सुरुवातीला सिलिंडर थंड असतो, वाफेचे पाणी होते आणि इंजिन गुळण्या टाकते. चाक हाताने चार-दोन वेळा फिरवा. एकदा सिलिंडर तापला, की ते आपले आपण धावू लागते.

आता हिशेब मांडा, कारण हिशेबाशिवाय हे खेळणेच राहील. आसाला दोरा बांधून १०० ग्रॅमचे वजन एक मीटर उचलायला लावा. समजा त्याला १० सेकंद लागले. तर इंजिनाने वॅटचा दहावा भाग एवढी शक्ती दिली. दिव्यात मिनिटाला अर्धा ग्रॅम स्पिरिट जळत असेल, तर तो २०० वॅटहून जास्त उष्णता देतो. म्हणजे दोन हजार भागांतला एक भागच हाती आला! मुले विचारतील, बाकीची उष्णता गेली कुठे? हा प्रश्न विचारला गेला, की तुमचे इंजिन यशस्वी झाले असे समजा.

हाच प्रश्न एका कारागिराला पडला होता. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठाने न्यूकोमेनच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती जेम्स वॅटकडे दुरुस्तीला दिली. ती दुरुस्त तर झाली, पण चार फेरे मारून थांबे. बॉयलरची वाफ पुरेना. वॅटने मोजमाप सुरू केले. वस्तू निम्म्या आकाराची केली की तिचे घनफळ आठवा हिस्सा होते, पण पृष्ठभाग चौथा हिस्साच उरतो. म्हणून लहान सिलिंडर त्यातल्या वाफेच्या मानाने लवकर निवतो. शिवाय न्यूकोमेनच्या यंत्रात दर फेऱ्याला सिलिंडर गार करावा लागे आणि पुन्हा तापवावा लागे. बरीचशी वाफ त्यातच खर्ची पडे. १७६५ साली वॅटला उपाय सुचला: वाफ वेगळ्या भांड्यात थंड करायची आणि सिलिंडर सदा गरम ठेवायचा. १७६९ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. पुढच्या शंभर वर्षांचे कारखाने ज्या सुधारणेवर उभे राहिले, तिचा उगम शाळेतल्या एका न चालणाऱ्या प्रतिकृतीत आहे.

तेव्हा शिक्षकहो, तुमचे इंजिन अडखळले तर खट्टू होऊ नका. सिलिंडरला दोऱ्याचे वेटोळे किंवा कापडाची पट्टी गुंडाळून पाहा, नळी आखूड करून पाहा, आणि दर वेळी वजन उचलायला किती सेकंद लागले ते वहीत लिहून ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर मात्र तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: पाण्याची पारख कोणत्या तारखेला झाली, झडपेचे वजन किती, आणि दिव्यात स्पिरिट किती. दरवर्षी ती पारख पुन्हा करा. पुढच्या वर्षी नवा वर्ग येईल, नवे शिक्षक येतील. त्यांनी इंजिन हातात घेण्याआधी ते पान वाचावे, एवढा दंडक घालून ठेवा.